भंडारदऱ्याची एक दिवसाची सहल आणि 'आमची सहल' हा निबंध



'आमची सहल' हा विषय तिसरीपासून सातवीपर्यंत कुठल्या ना कुठल्या परीक्षेत येतोच. मागे आमच्या चौथीच्या वर्गाची सहल भंडारदऱ्याला जाऊन आली आणि मी दुसऱ्या दिवशी हाच निबंध लिहायला दिला. एकोणतीस वह्या आल्या. एकोणतीस वह्यांत भंडारदरा 'निसर्गरम्य' होतं, पाणी 'निळेशार' होतं, झाडं 'हिरवीगार' होती आणि शेवटी सगळ्यांनी 'खूप मजा केली'. एका मुलाला गाडीत दोनदा उलटी झाली होती. त्यानेही खूप मजा केली असंच लिहिलं होतं!

मला आधी मुलांचा राग आला. मग आठवलं की हे शब्द फळ्यावर मीच लिहून दिले होते. 'निबंधात वापरायचे शब्द' अशी चौकट आखून. मुलांनी बाईंचं ऐकलं, एवढंच.

त्यानंतर सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही डीएडच्या चार मैत्रिणी भंडारदऱ्याला गेलो. घाई नाही, हजेरी नाही, शिट्टी नाही. त्या दिवशी जे पाहिलं, ऐकलं त्यामुळे सहलीचा निबंध शिकवण्याची माझी पद्धत बदलली. ती कशी, हे या लेखात सांगते. सहल शाळेची असो, घरची असो की मित्रमंडळींची, हे कुठेही वापरता येईल.

आम्ही चौघी

आमची ओळख थोडक्यात सांगते, कारण पुढे तिचा संबंध आहे. मी अकोल्याजवळच्या गावात शिकवते. दुसरी मैत्रीण जलाशयाच्या वरच्या अंगाला, एका वाडीवरच्या शाळेत आहे. तिसरी राहाता तालुक्यात, कालव्याच्या पट्ट्यात शिकवते आणि तिचं माहेरही तिकडचंच. चौथीने नोकरी केली नाही. ती म्हणते, "मी आता फक्त पालक." तिचा मुलगा तिसरीत आहे.

म्हणजे एकाच नदीच्या काठावरच्या आम्ही. एक वरची, एक मधली, एक खालची. हे आमच्या लक्षात यायला मात्र दुपार झाली.

पहिला मुक्काम : भिंत

अकोल्याहून राजूरमार्गे साधारण तासाभराचा रस्ता आहे. वाटेत रंधा धबधबा लागतो. पावसाळ्यात प्रवरा नदी तिथे खोल दरीत कोसळते. कठड्याच्या अलीकडूनच बघायचं आणि पुढे निघायचं. मुलं बरोबर असतील तर इथे हात सोडू नका.

पुढे शेंडी गाव आणि धरण. जुन्या नोंदींत धरणाला विल्सन डॅम आणि जलाशयाला आर्थर लेक म्हटलेलं असतं. आपण सगळे भंडारदराच म्हणतो. सहलीत मुलं इथे काय करतात? फोटो काढतात. आम्हीही काढले. मग पालक मैत्रिणीने विचारलं, "हा तलाव आहे की धरण? माझा मुलगा विचारेल."

प्रश्न साधा आहे, पण माझ्या एकोणतीस वह्यांपैकी एकीतही तो नव्हता. मुलांना वाटतं, डोंगर जसा आधीपासून आहे तसं पाणीही आधीपासूनच आहे. म्हणून पहिली गोष्ट सांगायची ती ही, की हा तलाव माणसांनी केलेला आहे.

प्रवरेच्या दरीत १९१० साली या धरणाचं काम सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई प्रांताचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सोळा वर्षं काम चाललं. आपल्या चौथीतल्या मुलांच्या वयापेक्षा हा काळ जास्त आहे, हे सांगितलं की मुलांना सोळा वर्षं म्हणजे किती ते कळतं. १० डिसेंबर २०२६ ला या धरणाची शंभरी.

भिंत दगडी बांधकामाची आहे. उंची सुमारे २७० फूट आणि लांबी अर्धा किलोमीटर. एक मजला दहा फुटांचा धरला तर सत्तावीस मजली इमारत! खालून वर बघितलं की भिंतीला टेकून उभे असलेले जाड आधार दिसतात. १९६९ साली भिंतीला तडे दिसले, त्यानंतर मजबुतीसाठी केलेलं ते काम आहे. मुलांना विचारा, "भिंत पडू नये म्हणून काय केलंय, ओळखा." घराच्या कलत्या भिंतीला बल्ली लावलेली त्यांनी पाहिलेली असते, त्यामुळे ती बरोबर ओळखतात.

हे धरण कशासाठी बांधलं? इथे मुलांना दुष्काळाची गोष्ट सांगावी. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खनमध्ये हाहाकार उडवला होता. नगर जिल्ह्याचा खालचा भाग तर कायमच कमी पावसाचा. वर सह्याद्रीत पडणारं पाणी अडवायचं आणि उन्हाळ्यात कोरड्या भागाला द्यायचं, असा विचार त्यामागे होता. म्हणजे धरण इथे झालं ते इथे पाऊस पडतो म्हणून, आणि बांधलं ते दुसरीकडे पडत नाही म्हणून. हे एक वाक्य फळ्यावर लिहायला हरकत नाही.

भिंतीखाली छत्री धबधबा आहे. धरणातून सोडलेलं पाणी गोल खडकावरून पसरत पडतं, ते उघडलेल्या छत्रीसारखं दिसतं. पाणी सोडलेलं असेल तरच हा धबधबा असतो. एरवी नुसता खडक! "हा असा धबधबा आहे ज्याला नळ आहे," असं राहात्याची मैत्रीण म्हणाली. हे वाक्य मी वर्गात वापरलं आणि मुलं खूप हसली. पण उपमा म्हणजे काय, ते त्या दिवशी त्यांना कळलं.

दुसरा मुक्काम : रतनवाडी

शेंडीहून जलाशयाला फेरी मारता येते. आम्ही मुतखेल, कोलटेंभेमार्गे रतनवाडीला गेलो. रस्ता पाण्याच्या कडेकडेने जातो. सप्टेंबरात उतारांवर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा फुललेला असतो. खाचरांत भात पोटरीत आलेला असतो, वरकस जमिनीवर नागली आणि वरई उभी असते. मी मुलांना 'हिरवीगार शेतं' असा शब्द दिला होता. इथे उभं राहून पाहिलं तर हिरव्याच्या चार तऱ्हा दिसत होत्या. भाताचा पोपटी, नागलीचा गडद, गवताचा पिवळसर आणि जंगलाचा काळपट. 'हिरवेगार' लिहायचंच असेल तर कोणतं हिरवं, हे विचारायला आता मी शिकले आहे.

पिकांचीही नावं विचारावीत. काळभात, जिरवेल हे इथले जुने भात. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असं गावरान बियाणं जपलं आणि त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली, हे मुलांना त्याच खाचराच्या बांधावर सांगितलं तर कायम लक्षात राहतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं प्राचीन कोरीव देऊळ आहे आणि जवळच बांधीव पुष्करणी आहे. मागे रतनगड. प्रवरा नदी या रतनगडाच्या डोंगरातच उगम पावते. तिला 'अमृतवाहिनी' म्हणतात ते मुलांनी ऐकलेलं असतं, पण ती सुरू कुठे होते ते बघितलेलं नसतं. देवळाजवळचा ओढा दाखवून "ही आपली प्रवरा" म्हटलं की मुलांचा विश्वास बसत नाही. अकोल्यात अगस्ती ऋषींच्या देवळाजवळून वाहणारी एवढी मोठी नदी, इथे तिच्यात पाय बुडेल एवढंच पाणी!

पाऊस इथे का जास्त? हे समजावायला यासारखी जागा नाही. अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात, वर गेल्यावर गार होतात आणि पाऊस पडतो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत त्यांच्यातलं पाणी बरंच संपलेलं असतं. म्हणून घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस आणि आमच्या अकोल्याकडे पाचशे-सहाशे. अंतर किती, तर चाळीस-पन्नास किलोमीटर. पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द येतो. आमची मुलं स्वतः त्या छायेत राहतात, पण शब्द पाठ करतात आणि विसरतात.

भाकरी आणि हापसा

दुपारी एका घरगुती खानावळीत जेवलो. चुलीवरची नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात. वाढणाऱ्या आजी बोलक्या होत्या. समोर सगळं पाणीच पाणी. पालक मैत्रीण सहज म्हणाली, "आजी, तुमचं बरंय. दारातच एवढं पाणी!"

आजी हसल्या. म्हणाल्या, "पानी डोळ्यानं बघायचं गं माय. होळी झाली की हापसा खडखडा वाजतो. मग झऱ्यावर जायचं, हंड्यावर हंडा."

आम्ही गप्प. वाडीवर शिकवणारी मैत्रीण शांतपणे म्हणाली, "माझ्या वर्गात मार्चपासून मुली उशिरा येतात. मी कारण विचारत नाही. मला माहीत आहे."

मग तिने समजावलं. वाड्या उंचावर, पाणी खाली. खालचं पाणी वर न्यायचं तर मोटार हवी, वीज हवी, पाइपलाइन हवी आणि तिची देखभाल करणारं कुणी हवं. पावसाळ्यात एवढा पाऊस पडतो, पण खडक कातळाचा आणि उतार तीव्र, त्यामुळे पाणी मुरायच्या आत वाहून जातं. म्हणून ज्या डोंगरावर सगळ्यात जास्त पाऊस, तिथल्याच वाडीला उन्हाळ्यात टंचाई. आधी ऐकलं असतं तर मला हे खोटं वाटलं असतं.

इतका वेळ राहात्याची मैत्रीण ऐकत होती. ती म्हणाली, "माझे वडील रात्री-बेरात्री दारं धरायला जायचे. पाटाला पाणी आलं की घरात सण. आवर्तन कधी सुटणार, यावर आमच्याकडे लग्नाच्या तारखा ठरायच्या. आणि ते पाणी कुठून येतं ते मी आज पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघतेय."

आता हे पाणी खाली कसं जातं ते सांगते, कारण बऱ्याच शिक्षकांनाही ही साखळी सलग माहीत नसते. भंडारदऱ्यातून सुटलेलं पाणी रंध्यावरून निळवंडे धरणात येतं. तिथून अकोले, मग संगमनेर. पुढे ओझरच्या बंधाऱ्याजवळ ते प्रवरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्यांत वळवलं जातं. तिथून राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासे या भागांतल्या शेतांना. नदी स्वतः नेवाशावरून जाऊन प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते याच प्रवरेच्या काठावर. या कालव्यांच्या भागात ऊस वाढला, गूळ झाला, साखर झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तो याच पट्ट्यातला.

मधल्या कोरड्या गावांनी निळवंड्याच्या कालव्यांची अनेक दशकं वाट पाहिली. डाव्या कालव्याचं लोकार्पण झालं ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी. तेव्हा वरच्याला त्रास आणि खालचा मजेत, असा सोपा हिशेब करू नये. राहात्याच्या मैत्रिणीच्या वडिलांनीही जागून रात्री काढल्याच की. पण एकाच पाण्याच्या तीन जागी तीन गोष्टी आहेत, हे मुलांना कळायला हवं.

पाण्याचं गणित

जेवण झाल्यावर आम्ही चौघींनी वहीच्या मागच्या पानावर एक हिशेब केला. पाचवीच्या पुढच्या मुलांना तो जमतो.

धरणाची साठवण सुमारे ११ टीएमसी. बातम्यांत रोज ऐकू येणारा हा शब्द मुलांना फोडून सांगा. एक टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे १०० कोटी घनफूट. एक घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर. म्हणून एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर आणि ११ टीएमसी म्हणजे सुमारे ३१ हजार कोटी लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर तीन कोटींहून जास्त टँकर!

आता दुसरी बाजू. गावच्या नळयोजनांसाठी माणशी रोज ५५ लिटर पाणी धरतात. अकोले तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाखांच्या थोडी आत. तीन लाखच धरू. रोजचं पाणी १ कोटी ६५ लाख लिटर, वर्षाचं सुमारे ६०० कोटी लिटर. म्हणजे सगळ्या तालुक्याला वर्षभर पुरणारं पाणी या धरणाच्या साधारण पन्नासाव्या भागाएवढं.

हिशेब दोनदा तपासला, कारण आम्हाला खरं वाटेना. बाष्पीभवन, गळती, पाणी वर चढवण्याचा खर्च हे सगळं यात धरलेलं नाही, तेही मुलांना सांगावं. तरीसुद्धा प्रश्न पाण्याच्या प्रमाणापेक्षा ते पोहोचवण्याचा जास्त आहे, हे या आकड्यांवरून मुलं स्वतः म्हणतात. आपण सांगायची गरज पडत नाही.

तिसरा मुक्काम : घाटघर

परतताना साम्रदवरून घाटघरला गेलो. तिथल्या कड्यावर उभं राहिलं की खाली एकदम कोकण. इथेच वीजनिर्मितीची एक गंमत आहे. घाटघर प्रकल्पात एक जलाशय कड्यावर आणि एक कड्याखाली आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज तयार करतात. क्षमता २५० मेगावॉट. "म्हणजे पाणी वर चढवता येतं तर!" असं पालक मैत्रीण पटकन बोलून गेली. कुणी काही उत्तर दिलं नाही. हंड्यावर हंडा ठेवलेल्या आजी सगळ्यांच्याच डोळ्यांसमोर आल्या असाव्यात.

संध्याकाळी मुरशेतच्या बाजूने शेंडीत उतरलो. उजव्या अंगाला पाण्यात डोंगराची सावली पडली होती, डावीकडे कळसूबाईच्या शिखरावर ढग होता. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर. तिथे आम्ही चहा घेतला आणि अर्धा तास काही न बोलता नुसत्या बसलो. सहलीत हेही हवं. मुलांच्या सहलीत आपण हा अर्धा तास कधीच ठेवत नाही.

निबंध कसा शिकवायचा?

आता मूळ मुद्दा. मी वर्गात सहलीच्या आधी, सहलीत आणि नंतर काय करते ते लिहिते.

आधी : मुलांना तीनच प्रश्न देते. हे पाणी येतं कुठून? ते कुणी आणि कशासाठी अडवलं? ते जातं कुठे? आपल्याजवळचं कुठलंही पाणी घ्या. गावतळं, बंधारा, पाझर तलाव, शहरातली पाण्याची टाकीसुद्धा. तिन्ही प्रश्न लागू होतात.

सहलीत : प्रत्येक मुलाने तिथे राहणाऱ्या एका माणसाशी बोलायचं. भेळवाला, होडीवाला, शेतकरी, कुणीही. त्याने सांगितलेलं एक वाक्य, जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत लिहून आणायचं. शुद्धलेखन तपासायचं नाही. एक आवाज, एक वास, एक चव हेही टिपायचं. शेवटी पंधरा मिनिटं गप्प बसायचं. सुरुवातीला हसाहशी होते, मग जमतं.

नंतर : 'निसर्गरम्य', 'निळेशार', 'हिरवेगार', 'नयनरम्य' आणि 'खूप मजा केली' हे शब्द फळ्यावर लिहून त्यांना एक दिवसाची सुट्टी देते. ते वाईट नाहीत, दमलेले आहेत, असं मुलांना सांगते. मग 'काय पाहिलं' यापेक्षा 'कशाचं नवल वाटलं' यावरून सुरुवात करायला लावते. उलटी झाली असेल तर उलटीवरून सुरुवात केली तरी चालते!

नमुन्यादाखल एक छोटा निबंध देत आहे. मुलांकडून तो पाठ करून घेऊ नका, नाहीतर पुन्हा एकोणतीस वह्या सारख्याच येतील.

आमची सहल

आमची गाडी राजूरच्या पुढे वळणं घेऊ लागली आणि माझं पोट ढवळायला लागलं. बाईंनी मला खिडकीजवळ बसवलं. म्हणून धरणाची भिंत सगळ्यांच्या आधी मला दिसली. ती एवढी उंच होती की वर बघताना टोपी पडली. बाई म्हणाल्या, ही भिंत बांधायला सोळा वर्षं लागली. मी दहा वर्षांचा आहे.

रतनवाडीला आम्ही प्रवरा नदी पाहिली. ती माझ्या घोट्याएवढी होती. आमच्या गावात पूर आला की हीच नदी पुलाला लागते. नदीपण आधी लहान असते, हे मला माहीत नव्हतं.

तिथे एक काका गुरं राखत होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही धरणात पोहता का? ते म्हणाले, "आरं, गुरांना पाजाया येतो, पव्हाया कशाला?" त्यांच्या गाईचं नाव कपिली होतं.

मला भाकरी आवडली. ती काळी होती पण गोड लागली. येताना मी झोपलो, म्हणून शेवटचं मला माहीत नाही.

यात विशेषणं किती कमी आहेत बघा. तरी वाचणाऱ्याला भिंत दिसते, नदी दिसते आणि मूलही दिसतं. पेपर तपासणाऱ्यांना हे चालेल का, असं पालक विचारतात. माझा अनुभव असा की शंभर सारख्या निबंधांनंतर एक वेगळा निबंध हाती आला की तपासणारा ताठ बसतो.

सहलीला जाताना

काही सूचना, अगदी थोडक्यात. जलाशय खोल आहे आणि काठ एकदम तुटतो, म्हणून पाण्यात उतरू नये, मुलांना तर मुळीच उतरू देऊ नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर आणि धबधब्याच्या तोंडाशी जाऊ नये. धरण साधारणपणे १५ ऑगस्टच्या सुमारास भरतं. तेव्हा गर्दी फार असते, सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ निवांत. मेअखेर-जूनमध्ये काजवे बघायला जाणार असाल तर गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी बंद ठेवा, झाडांखाली चालू नका, कारण काजव्यांच्या माद्या जमिनीलगत असतात. हा सगळा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा परिसर आहे, तेव्हा प्लॅस्टिक परत आणा. जेवण शक्यतो गावातल्या घरी घ्या, आगाऊ सांगून ठेवा. चार पैसे तिथे राहतात आणि एक वाक्य आपल्याला मिळतं.

शेवटी एक

त्या सहलीनंतर आम्ही तिघी शिक्षिकांनी ठरवलं की आपापल्या वर्गातल्या मुलांना एकमेकांना पत्रं लिहायला लावायची. पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. विषय एकच ठेवला : आमच्याकडे पाणी कुठून येतं.

राहात्याच्या एका मुलाने वरच्या वाडीवरच्या मुलीला विचारलं होतं, "तुमच्याकडे एवढं मोठं धरण आहे, मग तुम्हाला रोज पोहायला मिळत असेल ना? आमच्या कालव्याला पाणी महिनाभर नसतं."

तिचं उत्तर मैत्रिणीने मला मोबाइलवर फोटो काढून पाठवलं. वळणदार अक्षर, पाच ओळी. त्यातल्या दोन अशा होत्या :

"धरणाचं पाणी बघायचं असतं. प्यायचं पाणी विहिरीवर असतं, ते मी आणि आई आणतो, सकाळी चार खेपा. तुमच्या कालव्याला पाणी आलं की मला कळव, म्हणजे इथून गेलेलं पोहोचलं का ते समजेल."

ते पत्र मी माझ्या वर्गात वाचून दाखवलं. एकोणतीस मुलं गप्प होती. मग ज्याला गाडीत उलटी झाली होती तो म्हणाला, "बाई, मी माझा सहलीचा निबंध परत लिहू का?"

मी त्याला कोरं पान दिलं. फळ्यावर काहीच लिहिलं नाही.